आपल्याच आडनावाचे पाहुणे

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, आईचं लग्नाआधीचं आडनाव आणि आत्ताचं आडनाव एकच कसं?" मागून थोरलीचा आवाज आला, "माझी मैत्रीण म्हणते, म्हणजे ते आधीपासून नातेवाईकच असणार." मग तुमच्या आईचा आवाज, "ते आजीलाच विचारा, मी कामात आहे." लग्नाआधी वर्षभर भेटेल त्याने तिला हाच प्रश्न विचारला होता, त्यामुळे तिला त्याचा कंटाळा येणं साहजिक आहे. मला अजून आलेला नाही. शिवाय ही हकिकत पहिल्यापासून माहीत असलेली माणसं गावात आता थोडी उरली आहेत, आणि जी आहेत ती दर वेळी निराळी सांगतात. म्हणून डोळे नीट आहेत तोवर क्रमाने लिहून पाठवते आहे.

आडनाव मात्र लिहिणार नाही. तुम्हाला ते पाठच आहे. दुसऱ्या कुणी हे वाचलं तर तो आधी आडनावाशी अडखळेल, मग "म्हणजे नक्की काय हो?" असं विचारेल, आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हे सोसते आहे.

माझं माहेर पुण्याचं. माहेरचं आडनाव इतकं प्रचलित की कॉलेजात हजेरी घेताना त्या आडनावाला तीन-चार मुली एकदम "प्रेझेंट सर" म्हणायच्या. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, लग्न झालं, आणि घोडेगावच्या पलीकडे नदीकाठच्या या गावात येऊन हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी माझं नवं आडनाव ऐकून पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "पुन्हा एकदा सांगता?" पुण्याच्या टेलिफोन डिरेक्टरीत माझ्या माहेरच्या आडनावाची पानंच्या पानं होती. सासरच्या आडनावाची एकच ओळ होती, आणि ती हडपसरला राहणाऱ्या माझ्या दिरांची होती. गावात आमची चार घरं. त्या चार घरांबाहेर जगात आपल्या आडनावाचं कुणी नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

हे आडनाव आलं कुठून, याची घरात दोन उत्तरं होती. पहिलं उत्तर तुमच्या आजोबांच्या थोरल्या चुलत्यांचं. त्यांना आपण नुसतं 'थोरले' म्हणू, कारण भावकीतल्या पुरुषांत ते सगळ्यात थोरले होते आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. त्यांच्या मते आपला मूळ पुरुष शिवनेरीवर धान्याच्या कोठारावर होता आणि आडनाव त्याला गडावर मिळालं. जुन्नर-आंबेगावात ज्याचा पूर्वज शिवनेरीवर नव्हता असं घर मला अजून भेटलेलं नाही. एवढी माणसं त्या गडावर मावली कशी, हा प्रश्न मी एकदा विचारला आणि पुन्हा विचारला नाही. दुसरं उत्तर आजोबांच्या आत्याबाईंचं. त्या म्हणायच्या, "गड न् बिड काय न्हाई. आपला पूर्वज आळशी व्हता. लोकांनी चिडवून नाव पाडलं, त्यो ते बदलायला बी उठला न्हाई." मला हे उत्तर जास्त पटत असे, पण सुनेने तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

पुण्यात माझे एक जुने प्राध्यापक होते, इतिहासाचे. त्यांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "हे एखाद्या गावकामाचं नाव असावं. तसं असेल तर ते काम प्रत्येक खोऱ्यात कुणी ना कुणी करत असणार. तुमच्यासारखे आणखीही कुठे असतील." मी हे घरी येऊन सांगितलं. थोरल्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "म्हंजी आमचा पूर्वज गडावर न्हवता, असं म्हन्त्यात का तुमचं मास्तर?" विषय तिथेच संपला.

आडनाव असं एकमेव असल्यामुळे आमच्या घराला एक सवय होती. दुसरे लोक आपल्या वस्तूंवर पूर्ण नाव घालतात, आधी स्वतःचं, मग वडिलांचं. आम्हाला त्याची गरज वाटत नसे. पाण्याच्या पाइपवर, ताडपत्रीवर, लग्नाकार्यात वाटायला काढलेल्या पातेल्यांवर, सगळीकडे नुसतं आडनाव. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आम्ही टोमॅटो करू लागलो, तेव्हा प्लास्टिकच्या क्रेटवरही आजोबांनी लाल रंगाने नुसतं आडनाव घातलं. माल नारायणगावच्या बाजारात जायचा, आणि रिकामे क्रेट व्यापाऱ्याकडून नंतर परत यायचे.

एका संध्याकाळी परत आलेले क्रेट अंगणात उतरवले. मी एकावरचं अक्षर पाहिलं आणि म्हटलं, "हे क्रेट आपले नाहीत."

आजोबा म्हणाले, "आपलं नाव दिसतंय की त्यावर."

"नाव आपलं आहे. अक्षर तुमचं नाही. हे वाचता येतंय."

पुढच्या बाजाराला आजोबा चौकशी करून आले तेव्हा त्यांचा चेहरा उसात बिबट्या दिसल्यासारखा झाला होता. "अगं, आपल्या आडनावाचा माणूस भेटला! जुन्नर तालुक्यातला, कुकडीच्या काठचा. त्यांच्या गावात आठ-दहा घरं हैत म्हणं. त्यांना बी वाटत व्हतं का आपण एकटंच हाय." त्या घरानेही त्याच अभिमानाने क्रेटवर नुसतं आडनाव घातलं होतं, तेही लाल रंगाने. हमालांनी आमचे क्रेट त्यांच्या टेम्पोत टाकले होते आणि त्यांचे आमच्या.

मग क्रेटची अदलाबदल सुरू झाली. त्या घरचा मुलगा टेम्पो घेऊन यायचा, त्यांचे क्रेट न्यायचा आणि आमचे ठेवायचा. तुमची आई तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी होती, क्रेट मोजून घेण्याचं काम तिच्याकडे होतं. दोन्ही घरांनी क्रेटवर आडनावाआधी स्वतःच्या नावाचं अक्षरही घातलं तरी क्रेट बदलतच राहिले. मी म्हटलं, हमाल घाईत असतात, होतं असं. टोमॅटोचा हंगाम संपला, बाजार बंद झाला, तरी क्रेट बदलतच होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तो मुलगा म्हणजे तुमचे बाबा.

मी तुमच्या आईला विचारलं, तिने सरळ हो म्हणून सांगितलं. मुलगा चांगला, शिकलेला, शेती नीट करणारा, शिवाय अक्षर सुवाच्य. माझी काही हरकत नव्हती. आजोबांचीही मुलाबद्दल नव्हती. ते फक्त खाटेवर बसून म्हणाले, "पर आडनाव?"

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. एका कुळातली माणसं ती भावकी, आणि भावकीतली मुलंमुली एकमेकांची बहीणभावंडं, मग मधे कितीही पिढ्या जावोत. त्यांच्यात लग्न होत नाही. ज्यांच्याशी लग्नसंबंध होतो ते सोयरे, आमच्याकडे 'पावणं'. आडनाव घरोघरी आढळणारं असलं तर एकाच आडनावाची दोन वेगळी कुळं असू शकतात, हे लोक मान्य करतात. पण आडनाव जितकं दुर्मीळ तितका संशय मोठा. मोजून दोन गावांत असलेलं आडनाव एकाच बापाचं नाही, हे कोण ऐकून घेणार? चार पिढ्या ज्या गोष्टीचा आम्ही अभिमान बाळगला, तीच तुमच्या आईच्या आडवी आली.

निकाल थोरल्यांच्या हातात होता. आजोबांचे वडील लवकर गेले, थोरल्यांनीच त्यांना वाढवलं. त्यांचा शब्द मोडून आजोबा मांडव घालणार नाहीत, हे मला माहीत होतं. तुमच्या आईलाही माहीत होतं. ती मला म्हणाली, "पळून बिळून जायचं नाही मला. पण दुसऱ्या कुणाशी करणारही नाही." एवढं बोलून ती गोठ्यात गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वैरण घालून आली.

थोरले स्वतः चौकशीला कुकडीकाठी गेले. आजोबांना बरोबर नेलं, टेम्पोत पुढे बसून. तिकडे निकाल तुमच्या बाबांच्या आजोबांच्या हातात होता. वयाने आणि स्वभावाने ते थोरल्यांच्या तोडीचे. दोघं म्हातारे समोरासमोर बसले. कूळ एक आहे की नाही हे देवकावरून कळतं. देवक म्हणजे लग्नात पूजायची कुळाची खूण, बहुतेक एखाद्या झाडाची डहाळी. देवक एक असेल तर लग्न नाही. त्यामुळे आपलं आधी कुणी सांगायचं, यावरच चहाचे दोन कप झाले. शेवटी दोघांनी एकदम सांगितलं. दोघांचंही पंचपल्लव, पाच झाडांची पानं. आता अर्ध्या तालुक्याचं देवक पंचपल्लव आहे, कारण ज्याला आपलं देवक आठवत नाही त्याला ते चालून जातं. कुलदैवत विचारलं, दोघांचाही खंडोबा. त्यातही काही विशेष नाही. मग विषय पूर्वजावर आला. त्यांचाही पूर्वज शिवनेरीवरच होता, कोठारावरच होता, आणि तो कोठारावरचा मुख्य होता. म्हणजे आमचा पूर्वज त्याच्या हाताखाली आला.

थोरले घरी आले ते रागानेच. "आडनाव एक, देवक एक, देव एक. भैन-भाऊ झाली ही दोघं. संपला विषय."

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हटलं, "मामंजी, भावकी असती तर सुतक लागलं असतं. आजवर त्यांच्याकडे कुणी गेलं तर आपण सुतक पाळलं का? किंवा त्यांनी आपलं?"

"कळवलं न्हाई कुणी, मग पाळनार कसं?"

"म्हणजे आता कळवलं तर कळेल."

थोरले माझ्यावर रागावले की मला 'म्याडम' म्हणत. "बरं का म्याडम, आसंच करू. एखादं मयत हू द्या. आपन त्यांना सांगावा धाडू, आन् काय करायचं ते न्हाई सांगायचं. सुतक धरून दहाव्याला डोकं उतरवलं त्यांनी, तर भावकी. न्हाई उतरवलं, तर पावनं. मग लावा लगीन." ते हे तावातावाने बोलले, पण बोलले ओसरीवर, चारचौघांत. त्यामुळे तो कायदा झाला. पलीकडेही तो निरोप पोचला. तिकडचे आजोबा एवढंच म्हणाले म्हणे, "सांगावा आल्यावर बघू आमचं आमी."

आता प्रश्न असा की मयत कुणाचं?

भावकीत सगळ्यात म्हाताऱ्या होत्या मोठ्या आई, थोरल्यांच्या चुलती. मूलबाळ नव्हतं, थोरल्यांकडेच राहायच्या. तोंडात दात नव्हता, पण कान शाबूत होते. ओसरीवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यानंतर घरात कुणी "मोठ्या आई, बरं वाटतंय ना?" म्हणून विचारलं की त्या म्हणायच्या, "हां, विचारा! समदे माझ्यावर डोळा ठिवून बसलेत." मी भेटायला गेले तरी संकोच वाटायचा. तुमची आई तर त्यांच्याकडे जायचीच बंद झाली. एक दिवस त्यांनीच तिला बोलावून घेतलं आणि हात धरून विचारलं, "पोरी, तुजं लगीन माझ्यावर अडलंय व्हय गं?"

तुमची आई रडू लागली. "नाही हो मोठ्या आई, असं काय बोलता."

"रडती काय? थांब जरा. हरभरा निघू दे. हरभरा निघाला का मी मोकळी."

त्या वर्षी तुमच्या आईने त्यांच्यासाठी रोज दुधात भाकरी कुस्करून नेली. मी तिला त्यामागचं कारण विचारलं नाही. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. तिला लग्न हवं होतं, आणि मोठ्या आईही हव्या होत्या.

हरभरा निघायच्या आधीच मोठ्या आई गेल्या, पौषात, दुपारी जेवून जरा पडल्या त्या उठल्याच नाहीत. सांगावा कुकडीकाठी गेला. आमच्या चारही घरांत फोडणी बंद झाली, देवपूजा बंद झाली. तुमच्या आईने मोठ्या आईंसाठी मनापासून रडून घेतलं, आणि मग आम्ही दोघी दुसऱ्या काळजीला लागलो. पलीकडे सुतक धरलंय की नाही?

आमच्याकडे फोन होता, त्यांच्याकडे नव्हता. तुमचे बाबा नारायणगावच्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. बूथमध्ये मागे लोक उभे असायचे, म्हणून आडून बोलावं लागे. मीच फोन घेतला.

"काय जेवलात आज?" मी विचारलं.

"डाळ-भात."

"डाळीला फोडणी होती?"

"आमच्या डाळीला होती. आजोबांच्या जेवणात नव्हती."

"का बरं?"

"त्यांचं पोट बिघडलंय. मुगाची खिचडी खातायत, बिनफोडणीची."

"आणि देवपूजा?"

"ती आजोबाच करतात. पण ते झोपून आहेत."

म्हणजे त्यांचं पोट बिघडलं होतं की त्यांनी सुतक धरलं होतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. नंतरच्या फोनलाही तेच. आजोबा कुणाशी बोलत नाहीत, खिचडी खातात. मी तुमच्या बाबांना सुचवलं, "घरात भजी करून बघा." त्यांनी आईला भजी करायला लावली. आजोबांनी भज्यांकडे पाहिलं आणि "पोरांना द्या," म्हणाले.

दहाव्याला सकाळी घोड नदीच्या घाटावर गाव जमला. थंडी अशी की माणसं बोलली की तोंडातून वाफ निघत होती. भावकीतले पुरुष दगडांवर ओळीने बसले होते आणि न्हावी एकेकाचं डोकं आणि मिशी उतरवत पुढे सरकत होता. समोर पाहुणे उभे होते, हातात पिशव्या घेऊन. पिशव्यांत टॉवेल-टोपी. आमच्याकडची रीत अशी आहे की दहाव्याला भावकी डोकं उतरवते आणि सोयरे दुखवट्याची टॉवेल-टोपी देतात. वस्तऱ्याखाली बसला तो भाऊबंद, पिशवी घेऊन उभा तो पाहुणा. तिसरी जागा घाटावर नसते.

क्रिया धरलेल्याचं डोकं पहिलं उतरलं होतं, त्याने आंघोळ करून पिंड ठेवले. मला मनातून वाटत होतं की कावळा शिवायला वेळ लावेल, मग थोरले हात जोडून "पोरीचं लगीन लावून देतो" असं काही तरी कबूल करतील. कावळ्याने कसलीच मदत केली नाही. पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच तो आला आणि शिवून गेला. मोठ्या आईंची काही इच्छा उरली नव्हती, किंवा त्यांना थंडीत कुणाला ताटकळत ठेवायचं नव्हतं.

इतक्यात पलीकडचे आजोबा आले. बरोबर तुमचे बाबा. आजोबांच्या अंगाला शाल घट्ट गुंडाळलेली, हात शालीच्या आत, त्यामुळे पिशवी आहे की नाही दिसेना. त्यांनी मान म्हणून डोक्यावरचा पटका उतरवला, आणि सगळा घाट त्यांच्या डोक्याकडे बघत राहिला. डोकं तुळतुळीत होतं. ते टक्कल मुळातलं की आजच उतरवलेलं, हे ओळखू येण्यासारखं नव्हतं. तुमच्या आईने माझ्या कानात सांगितलं, "त्यांना टक्कलच आहे." मी म्हटलं, "तुला कसं माहीत?" ती म्हणाली, "क्रेट द्यायला गेले होते एकदा." तो जाब विचारायची ती वेळ नव्हती. राहिली मिशी. मिशी मोठी, पांढरी, दोन्ही बाजूंना वळवलेली, जागच्या जागी होती.

पलीकडचे आजोबा सावकाश चालत आले आणि भावकीच्या ओळीत शेवटच्या दगडावर बसले.

माइकवर मोठ्या आईंचे गुण सांगणारे एक गृहस्थ होते, ते मधेच थांबले. थोरल्यांनी अर्धवट उतरवलेल्या डोक्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तुमच्या आईने माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. न्हावी थोरल्यांचं आटोपून आजोबांपाशी आला, वरून खालून बघू लागला.

"बाबा, वर तर काय काम दिसंना. मिशीपास्नं सुरू करू का?"

"मिशीला हात लावशील तर बोटं मोडीन तुजी."

"मंग बसला कशापायी?"

"आरं, पायऱ्या उतरून गुडघं गेलं माझं! पावन्यानं बसू बी नये व्हय तुमच्यात?"

ओळीतला एक जण म्हणाला, "पावनं, बसा की. पर ह्यो दगड लई महागात पडला असता तुमाला." दहाव्याच्या घाटावर हसू नये, पण लोक हसले. तुमच्या आईने मनगट सोडलं.

अर्धं काम झालं होतं. त्यांनी स्वतःला पाहुणे म्हणवलं होतं, पण थोरल्यांनी अजून काहीच म्हटलं नव्हतं. थोरले नदीत बुडी मारून ओलेते आले आणि उभे राहिले. आता टोपी द्यायची. पहिला मान मोठ्या आईंच्या माहेरच्यांचा, आणि ती माणसं आलीच नव्हती. त्यांचं गाव भीमाशंकरच्या वाटेवर डोंगरात, जीप कुठे तरी अडकली असणार. त्यांच्याआधी कुणी टोपी द्यायची नाही, म्हणून सगळे पाहुणे पिशव्या धरून तसेच उभे. वेळ काढायला माइक एका पुढाऱ्याकडे दिला. त्याने मोठ्या आईंपासून सुरुवात केली आणि कालव्याच्या पाण्यावर गेला. थोरल्यांच्या नुकत्याच उतरवलेल्या डोक्याला वारा लागत होता. आधी त्यांचे ओठ थरथरू लागले, मग हनुवटी.

पलीकडचे आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. शालीतून हात बाहेर काढला. हातात पांढरी टोपी. ती त्यांनी पुढे होऊन थोरल्यांच्या डोक्यावर ठेवली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. शालीत असल्यामुळे दोन्ही ऊबदार झालं असणार.

थोरल्यांनी टोपी चाचपली. "ल्हान हाय."

"मंग द्या माघारी."

थोरल्यांनी वाऱ्याकडे बघितलं. "आसू द्या."

आणि तेवढ्यात वर रस्त्यावर जीप येऊन थांबली. माहेरची मंडळी पायऱ्या उतरून आली. पुढे मोठ्या आईंचा भाचा, हातात पिशवी. त्याने थोरल्यांच्या डोक्यावर टोपी पाहिली आणि पायरीवरच उभा राहिला.

"आमच्या आधी टोपी? म्हायेर मेलं का आमच्या आत्याचं?"

थोरले म्हणाले, "थंडी लई व्हती, राव."

"थंडी आमालाबी वाजती. कुणी घातली?" कुणी तरी बोट दाखवलं, कुणी तरी आडनाव सांगितलं. भाचा आणखी भडकला. "म्हंजी तुमचाच भाऊबंद की ह्यो! दहाव्याला भाऊबंदाची टोपी घेता? ही कुठली रीत? उद्या म्हनाल, भावकीतच पोरी द्या!"

थोरले पेचात सापडले. समोरचे भाऊबंद आहेत म्हणावं, तर भर घाटावर रीत मोडल्याचा बोभाटा. माहेरचा मान मोडला तो निराळाच. त्यांनी टोपी खाली ओढली आणि नदीच्या पल्याड ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊबंद कशाचा? सोयरा हाय माझा! आमच्या नातीचं सासर हाय ते!"

"लगीन कधी झालं?"

"व्हायचंय. तुमीबी या."

माइकवाल्या गृहस्थांनी पुढाऱ्याच्या हातून माइक परत घेतला होता. त्यांनी लगेच जाहीर केलं की आलेल्या सोयऱ्यांमध्ये कुकडीकाठचे पाहुणेही आहेत, आणि आपलंच आडनाव घेऊन त्यांचं स्वागत केलं. तुमच्या आईने तोंडाला ओढणी लावली. ती रडत होती की हसत, मला अजून सांगता येत नाही. भाच्याला दुसरी टोपी द्यायचा मान दिला. थोरल्यांनी ती पहिल्या टोपीवर घातली.

घरी येताना मी थोरल्यांना विचारलं, "मामंजी, मग ठरलं ना?"

"म्याडम," ते म्हणाले, "माइकवर सांगितलंय त्यानं. आता माघारी कसं घ्यायचं?"

लग्न चैत्रात झालं. पत्रिका छापणाऱ्याने दोनदा निरोप पाठवला की वर आणि वधू दोघांचं आडनाव एकच पडलंय, दुरुस्त करू का? आहेरात आलेल्या भांड्यांवर आडनाव घातलेलं असल्यामुळे कुणाची भांडी कुणाकडे गेली हे आजतागायत कळलेलं नाही. मांडवात दोघं म्हातारे शेजारी बसले आणि कोठारावरचा मुख्य कोण होता यावर भांडले. माझ्या प्राध्यापकांचं म्हणणं, की एकाच कामाची दोन माणसं दोन खोऱ्यांत असतील आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, ते बहुधा खरं असावं. पण तेव्हा मी ते सांगायला गेले असते तर दोघांनीही मला गडावरून खाली ढकललं असतं.

तेव्हा थोरलीच्या मैत्रिणीला सांगा, तुमचे आईबाबा आधी नातेवाईक नव्हते. निदान एका टोपीपुरतं तसं ठरलेलं आहे.

थोरले गेले, पलीकडचे आजोबाही गेले. गावातल्या आपल्या चार घरांपैकी तीन उघडी आहेत, कुकडीकाठी काही जास्त आहेत. आडनाव कुठून आलं हे अजून कुणालाही माहीत नाही. पलीकडे कुणी गेलं तर आमच्याकडे फोडणी बंद होत नाही, पण दहाव्याला आम्ही टॉवेल-टोपी घेऊन जातो आणि पाहुण्यांच्या बाजूला उभे राहतो. आमच्याकडे कुणी गेलं तर तेही तसंच करतात. एवढं अजून चालू आहे.